तुझं टेरा फर्मा, माझा मुरूम

खड्डा ढासळला तेव्हा तू काठावर खुर्चीत बसलेला होतास, वैजू. कपाळाला भस्म, गळ्यात हार, पाठीला फळी आणि मान पडू नये म्हणून कपाळावरून बांधलेली पांढरी पट्टी. आपल्यात मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत, बसवून माती देतात. त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की तू बघतोयस.

आधी डाव्या बाजूची एक कड सुटली. मग ती अख्खी बाजू हळूच खाली बसली आणि तळातून पाणी वर आलं. आत उतरलेल्या दोघांना हाताला धरून ओढावं लागलं. एकाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला होता. तो निघताना जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे.

तुझा सोमनाथ रडायचा थांबला. स्वामी बेलाची पानं हातात धरून तसेच उभे राहिले. पाऊस थांबला होता, पण काळ्या मातीला त्याचं काय. श्रावणभर प्यालेलं पाणी तिच्या पोटात होतं.

"परत खांदू. जरा बाजूला," कोणीतरी म्हणालं.

बाजूला खांदलं. तेही ढासळलं. खुर्ची धरणाऱ्यांचे हात भरून आले, ते आळीपाळीनं बदलू लागले. तुझं डोकं जरासं एका बाजूला कललं आणि मी पुढं होऊन पट्टी घट्ट केली. तुझं कपाळ गार होतं. लहानपणी तुला ताप आला की मी हात लावून बघायचे, तेच कपाळ.

सोमनाथ म्हणाला, "इथंच पाहिजे, आत्या. बाबांनी सांगितलं होतं. घरासमोर, लिंबाखाली."

सांगितलं होतंस, खरं आहे. मलाही सांगितलं होतंस. मी नाही म्हणाले होते, आणि आपलं भांडण तिथंच राहिलं होतं. ते आता पुरं करायचं म्हणजे मला एकटीलाच दोन्हीकडून बोलावं लागतं.

तू बोटीवर गेलास तेव्हा गावात समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. पोहणारे होते, पण विहिरीत. तू मुंबईला एका खानावळीत भांडी घासत होतास, तिथं जेवायला येणारा रत्नागिरीचा एकजण तुला मालाच्या बोटीवर घेऊन गेला. आधी हाताखाली, मग भंडारी. भंडारी म्हणजे बोटीवरचा स्वयंपाकी, हे तूच आईला समजावलंस. आईनं पहिलं विचारलं, "मग मटण पन शिजवतोस?"

"शिजवतो. खात न्हाई."

"मग मीठ कसं बघतोस?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी भाकरी थापत होते, मान वर केली नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तू आईला शेवटपर्यंत दिलं नाहीस.

पहिल्यांदा आलास तेव्हा मी फाट्यावर घ्यायला आले होते. मला गावातच दिलेलं, त्यामुळे तुझं येणं-जाणं माझ्या डोळ्यांसमोरच झालं. केजची एसटी थांबली. तू उतरलास, बूट काढलेस, रस्त्याकडेच्या मुरमावर दोन्ही पाय ठेवलेस, टाच आपटलीस आणि म्हणालास, "टेरा फर्मा."

मला वाटलं, बोटीवर जाऊन एखादा नवा देव धरला. मग तू चालायला लागलास आणि थोड्या अंतरावरच झुकलास. माझा खांदा धरलास.

"पिऊन आलास का?"

"न्हाई गं आक्का. जमीन हलतीय."

"जमीन हाय तिथंच हाय. तू हलतोस."

फाट्यावरच्या हॉटेलातली माणसं बघत होती. घरापर्यंत तू माझ्या खांद्यावर हात ठेवून, पाय फाकवून चाललास. पुढं कितीतरी दिवस जेवताना भिंतीला टेकायचास. आईनं मीठ-मिरच्या उतरून टाकल्या. तू सांगत होतास की बोटीवरून उतरलं की असं होतंच. बोट हलते तेव्हा माणूस हलत नाही, आणि भुई थांबते तेव्हा माणूस हलायला लागतो. आईला ते पटलं नाही. ती म्हणाली, नजर लागली.

त्या शब्दांचा अर्थ तू माझ्या उंबऱ्यावर बसून सांगितलास, ठेचा-भाकरी खाताना. तुमच्या बोटीवर एक म्हातारा कप्तान होता, परदेशातला. बोट धक्क्याला लागली, शिडी खाली टेकली, की तो सगळ्यात आधी नाही तर सगळ्यात शेवटी उतरायचा, टाच आपटायचा आणि हे म्हणायचा. लॅटिन नावाची भाषा. टेरा म्हणजे भुई, फर्मा म्हणजे पक्की, न हलणारी. समुद्रावरून सुखरूप उतरलेला माणूस असं म्हणतो. अर्धं गमतीनं, अर्धं खरंच.

"मग पक्की भुई म्हण की."

"त्याला ती मजा येत न्हाई."

"ती भाषा कोन बोलतं?"

"आता कोनीच न्हाई. मेली ती."

"मेलेल्या भाषेत जित्या मानसानं कावून बोलावं?"

तेव्हा तू नुसता हसलास. पण पुढच्या खेपेला उत्तर घेऊन आलास. बोटीवर भांडी घासता घासता वर्षभर विचार केला असशील. हातपाय न धुता म्हणालास, "आक्का, स्वामी मंत्र म्हनतात, ते तरी कोन घरात बोलतं?"

"त्यांचं पोट हाय त्याच्यावर."

"आन् माझं न्हाई?"

त्या खेपेलाच तू त्या पाण्यातल्या गावाची गोष्ट सांगितलीस. कप्तानानं तुला सांगितलेली. खारट पाण्यात खांब रोवून त्यावर बांधलेलं गाव, गल्लीऐवजी पाणी, बैलगाडीऐवजी होडी. तिथली माणसं समोर दिसणाऱ्या किनाऱ्यालाच टेरा फर्मा म्हणायची. त्यांचं पीक तिथलं, धान्य तिथलं, पण घर पाण्यात. मी म्हणाले, मग ती शहाणी होती, घर कुठं बांधायचं आणि पेरायचं कुठं हे त्यांना कळत होतं. तुला ते कळलं नाही, हे पुढं दिसलंच.

हळूहळू तू ते सगळीकडं म्हणायला लागलास. खाटेवरून उतरलास तरी टेरा फर्मा. दवाखान्यातून ऑपरेशन करून आलास, पहिला पाय फरशीवर ठेवलास, टेरा फर्मा. मी म्हणायचे, तूच सांगितलंस की पाण्यातून उतरल्यावर म्हणतात. खाटेखाली कुठलं पाणी आलं?

"इमानातून उतरल्यावर पन म्हनतात."

"आन् जीपमधून?"

"युसूफभाईच्या जीपमधून उतरल्यावर तर म्हनायलाच पाहिजे."

युसूफभाई केजचे मिस्त्री, तुझे दोस्त. पंप, इंजिन, जीप, सगळं दुरुस्त करणारे आणि स्वतःची जीप सोडून सगळं नीट चालवणारे. ते पुढून म्हणाले, "उतर बे. पुढच्या टायमाला यष्टीनं ये आन् कंडक्टरला लॅटिन ऐकव."

मी मागे बसून हसत होते. आता वाटतं, त्या जीपमध्ये मी किती हसले. एवढी हसणारी बाई मी नाही, वैजू. तुला माहीत आहे.

मला तू एकदा समुद्र दाखवलास. मी वाळूत उभी राहून म्हणाले, "लई पानी हाय. कामाचं न्हाई." तू म्हणालास, बीडच्या बाईनं दुसरं काय म्हणावं. मग लाट आली, पायावरून गेली आणि परत फिरताना टाचेखालची वाळू ओढून घेऊन गेली. मी तुझा सदरा धरला. मुठीत गच्च धरला. तुला हसता आलं असतं. फाट्यावर मी तुला काय बोलले होते ते तेव्हा परत करता आलं असतं. तू नुसता माझी मूठ सुटेपर्यंत उभा राहिलास, समोर बघत. त्याबद्दल मी कधी काही म्हणाले नाही. आज म्हणते. बरं वाटलं होतं मला.

बोटीवरची नोकरी सुटली, तुझी बायको गेली, सोमनाथ पुण्याला लागला, आणि तू गावात कायमचा आलास. मला वाटलं आता पांढरीत घर बांधशील. आपल्याकडं गाव वसतं ती पांढरी आणि पीक येतं ती काळी. म्हाताऱ्या माणसांनी घरं काळीत बांधली नाहीत ती उगीच नाही. काळी फुगते, आकसते. पावसात वर येते, उन्हात फाटते. तिच्यावर कापूस उभा राहतो, भिंत राहत नाही.

तू म्हणालास, गावात चारी बाजूंनी भिंती येतात, झोप लागत नाही. रानात बांधणार. कापूस वाऱ्यानं हलला की लांबपर्यंत कसा दिसतो, असं म्हणून तू थांबलास. पुढचा शब्द बोलला नाहीस. मला तो माहीत होता. त्या कामाच्या नसलेल्या पाण्याची तुला आठवण येत होती, आणि गावात ती कोणाला सांगायची हे तुला समजत नव्हतं.

मी फक्त एवढंच म्हणाले, मग पाया तरी मुरूम लागेपर्यंत खांद.

पुरुषभर खांदलं, काळीच. गवंडी म्हणाला, अजून खाली जावं लागेल. तू खड्ड्यात उतरलास, टाच आपटलीस, म्हणालास, "बास. टेरा फर्मा हाय ही."

मी वरून म्हणाले, "टेरा असंल. फर्मा न्हाई."

मी चौथी शिकलेली. जन्मात बोललेलं तेवढंच माझं लॅटिन. गवंड्याला काही कळलं नाही, पण तू खड्ड्यात बसून डोळ्यात पाणी येईपर्यंत हसलास. हसलास आणि तेवढ्यावरच पाया भरून घेतलास.

पहिल्याच उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भेग गेली. माझा हात मनगटापर्यंत आत जायचा. पाऊस पडला की ती मिटायची. दार श्रावणात अडकायचं आणि चैत्रात आपोआप उघडायचं. दुसऱ्या कोणाला लाज वाटली असती. तू आल्या-गेल्याला भेग दाखवायचास. ही बघा भरती, ही ओहोटी. युसूफभाई म्हणायचे, "घर बांधलंस का बोट बे?" तुला ते लई आवडायचं.

मला नाही आवडायचं. पावसाच्या रात्री माझ्या घरी पडल्या पडल्या मला तुझी भिंत दिसायची. तू बोटीवर होतास तेव्हाही मला झोप यायची नाही, पण तेव्हा मी लांब होते आणि काही करता येत नव्हतं. आता तू हाकेच्या अंतरावर होतास, हलणाऱ्या घरात, आपल्या मर्जीनं. म्हणून मी चिडायचे. तुला वाटायचं, मला हट्टानं खरं व्हायचंय. तेही थोडं होतं. पण भीती जास्त होती. ते मी बोलले नाही. मला ते बोलता येत नाही, शिव्या देता येतात.

या उन्हाळ्यात तू लिंबाखाली बसून म्हणालास, "मला हितंच ठेवा."

"इथं न्हाई. पावसाळ्यात गेलास तर?"

"पावसाळ्यात जात न्हाई मी."

"काळी धरत न्हाई, वैजू."

"मला हलायची सवय हाय."

"जित्या मानसाला हलायची सवय. मेल्यावर एका जागी बसावं लागतं."

"कुनी सांगितलं तुला?"

मी काठी घेतली आणि उठून आले. दुसऱ्या दिवशी तू दुधी भोपळा घेऊन आलास, आणि आपण भोपळ्याबद्दल बोललो. ते भांडण तसंच लिंबाखाली राहिलं.

मग तू पावसाळ्यातच गेलास. शब्दाचा पक्का तू कधीच नव्हतास.

तर दुसरा खड्डा ढासळला तेव्हा युसूफभाई माझ्याजवळ आले. त्यांचा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरला होता, कारण ते स्वतः खांदायला उतरले होते. हळू आवाजात म्हणाले, "आक्का, काळी धरनार न्हाई. आमच्यात पन पावसाळ्यात मयत माळावरच नेतात."

मी सोमनाथला म्हणाले, "उचला. माळावर चला."

"आत्या, बाबांनी..."

"तुझ्या बाबांचं मी बघते. त्याचं माझं भांडन हाय. तुझं न्हाई."

माळावर तुझे दाजी आहेत. त्यांच्या शेजारची जागा मी माझ्यासाठी धरून ठेवली होती, गावाला माहीत होतं. दरवर्षी मी तिथलं गवत काढते. तिथं पोचल्यावर लोक घुटमळले. एकजण म्हणाला, "आक्का, ही तर तुमची जागा."

"मी अजून उभी हाय ना? खांदा."

वर वीतभर माती, मग मुरूम. पहार आपटली की खण्ण वाजायची. खांदणाऱ्यांना घाम फुटला, हाताला फोड आले. पण कड सुटली नाही. चारी बाजू सुरीनं कापल्यासारख्या सरळ राहिल्या. मी काठाशी बसून आत हात घातला. कोरडं होतं. इतका पाऊस होऊन आत थेंब नव्हता. मी तळहातानं दाबून बघितलं. दाबलं तिथं दाबलं गेलं नाही. तुझा कप्तान ज्याला टेरा फर्मा म्हणत होता, ते हेच असणार. मी त्याला मुरूम म्हणते.

तुला आत बसवलं. मीठ टाकलं, भस्म टाकलं, स्वामींनी बेल वाहिला. मुरूम टाकताना आवाज होतो, मातीसारखा गप्प पडत नाही. तो मी शेवटपर्यंत ऐकला.

तुझी इच्छा मी मोडली. बरोबर केलं का, हे तू असतास तर आपण पुढं कितीतरी दिवस भांडलो असतो. तू म्हणाला असतास की मला पाण्यात सोडलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले असते की चाललं नसतं. तू पुढच्या खेपेला नवीन मुद्दा घेऊन आला असतास. आता मी रोज माळावर जाऊन बसते आणि मुद्दा कोणी आणत नाही. एका बाजूला दाजी, जे जन्मभर चार वाक्यांवर पाचवं बोलले नाहीत, आणि त्यांच्या शेजारी तू. त्यांची शांतता पुरती मोडली असशील. लिंब तिथून दिसतो. तेवढं बघून जागा दिली असती तर फार चांगली बहीण झाले असते, पण खरं सांगते, ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

एक गोष्ट विचारायची राहिली. बोट सुटून इतकी वर्षं झाली, तुझं झुलणं कधीच थांबलं होतं. तरी फाट्यावर एसटीतून उतरलो की तू माझ्या खांद्यावर हात ठेवायचास आणि मग ते दोन शब्द म्हणायचास. मी म्हणायचे, आता काय हलतंय? तू म्हणायचास, सवय. मी हात काढ म्हणाले नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू ते भुईला म्हणतोस. परवा केजहून एकटी आले, उतरले, आणि पाय टेकवल्यावर उगीच थांबून राहिले. कंडक्टर म्हणाला, आजी, काय राहिलं का? मी म्हणाले, न्हाई, जाऊ दे गाडी. खांद्यावर काही नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की विचारायला पाहिजे होतं, कोणाला म्हणायचास रे.

उत्तर दोन्हीपैकी कुठलंही असू दे. मला ते तुझ्या तोंडून पाहिजे होतं.

सोमनाथ परत जाताना मला पुण्याला चला म्हणाला. मी नाही म्हणाले. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. कालच जाऊन आले. दार अडकलंय, खांद्यानं ढकलावं लागलं. भेग पूर्ण मिटली आहे, नखही आत जात नाही. उन्हाळ्यात परत उघडेल. मी लिंपणार नाही. एवढं ओरडत होते ना, लिंप म्हणून. आता राहू दे.

आई-बापाच्या पोटी आपण दोघंच होतो. तू गेलास. मी आहे.